ध्वनिमुद्रकाचा धर्म

मीमांसकांनी कोणत्याही प्रश्नाचा विचार करण्याची एक रीत घालून दिली आहे. प्रथम विषय मांडावा. त्यात संशय कोठे येतो ते दाखवावे. मग पूर्वपक्ष सांगावा, त्याला उत्तर द्यावे आणि शेवटी निर्णय करावा. ही रीत यज्ञातल्या पुरोडाशापुरतीच आहे असे कोणी समजू नये. चालू व्यवहारात उभ्या राहणाऱ्या प्रश्नांनाही ती तितकीच लागू पडते. आज तिच्याच आधाराने एका नव्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. प्रश्न नवा दिसतो खरा, पण त्याची मुळे पैठणापर्यंत आणि देहूपर्यंत गेलेली आहेत, हे वाचकांना पुढे दिसून येईल.

विषय असा. अलीकडे आपल्या संप्रदायात एक नवा व्यवसाय उत्पन्न झाला आहे. वर्षानुवर्षे कीर्तनकारांच्या साथीला उभा राहिलेला एखादा मृदंगवादक घरातली एक खोली मोकळी करतो. भिंतींना गोधड्या किंवा स्पंजाच्या गाद्या लावतो, दारा-खिडक्यांच्या फटी बुजवतो. एक संगणक, दोन-तीन मायक्रोफोन आणि कानाला लावायचे हेडफोन आणतो, की झाला घरच्या घरी रेकॉर्डिंग स्टुडिओ! मग गावोगावचे बुवा, गायक, भजनी मंडळे तेथे येतात. हरिपाठ, काकडा, गवळणी, अभंग मुद्रित होतात आणि मोबाईलवरून घरोघर पोचतात. कालपर्यंत जो दुसऱ्याच्या चरणामागे ठेका धरीत होता, तो आज दुसऱ्याचा आवाज लोकांपुढे कसा जावा हे ठरवू लागला आहे. वादकाचा मुद्रक झाला, साथीदाराचा कर्ता झाला. हा लहान बदल नव्हे.

त्या खोलीत काय चालते ते ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कीर्तनात विणेकरी, टाळकरी, मृदंगी आणि कीर्तनकार एकाच वेळी, एकमेकांच्या तोंडाकडे पाहत वाजवतात आणि गातात. स्टुडिओत तसे असेलच असे नाही. बहुधा आधी मृदंगी एकटा बसतो. त्याच्या कानात यंत्राची टिकटिक चालू असते, तिला धरून तो भजनी ठेका वाजवतो. मग पेटी. मग गायक येतो आणि वाजून गेलेल्या ठेक्यावर गातो. टाळ सर्वांत शेवटी, कदाचित दुसऱ्या दिवशीही. प्रत्येकाचा ध्वनी निराळ्या पट्टीवर साठवतात. त्या पट्टीला ट्रॅक म्हणतात. तबकडीच्या दर्जाचे मुद्रण असेल तर संगणक एका सेकंदात ४४,१०० वेळा ध्वनीची मोजणी करून ती आकड्यांत लिहून ठेवतो. आणि बरं का, जो आकडा लिहिता येतो तो खोडताही येतो, हलवताही येतो आणि पुन्हा पुन्हा उतरवताही येतो. सगळा प्रश्न येथेच उत्पन्न होतो.

पूर्वी हे सोपे नव्हते. एडिसनने ध्वनी धरून ठेवण्याचे यंत्र काढले १८७७ साली. हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीच्या गेसबर्ग साहेबाने कलकत्त्यास पहिली ध्वनिमुद्रणे केली ती १९०२ साली. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास गाणे मावत असे. दोन तासांचे निरूपण त्यात बसायचे कसे? पण त्या तबकडीत एक गोष्ट पक्की होती. गवयाने जे गायले तेच तिच्यावर कोरले जाई. चूक झाली तर तबकडी टाकून पुन्हा गावे लागे. पुढे चुंबकीय फीत आली तेव्हा कापणे-जोडणे सुरू झाले, आणि संगणक आल्यावर तर काहीच अवघड राहिले नाही. १९९७ साली अमेरिकेत ऑटो-ट्यून नावाची सोय निघाली. ती काढणारा अँडी हिल्डेब्रँड हा आधी जमिनीच्या पोटातले तेल शोधण्यासाठी ध्वनिलहरींचे गणित करणारा मनुष्य. त्याच गणिताने त्याने गायकाचा हुकलेला सूर ओळखून जागेवर बसवण्याची युक्ती साधली.

आता संशय. असाच एक मृदंगवादक, हात तयार असलेला, चार चांगल्या कीर्तनकारांच्या मागे उभा राहिलेला, मला म्हणाला, “महाराज, माझ्याकडे एक बुवा येतात. आवाज बरा आहे, पण वरच्या सुराला जरा कमी पडतात. ते म्हणतात, सूर सरळ करून दे. टाळकरी दोघेच आणले होते. म्हणतात, चाळीस वाजल्यासारखे कर. आणि पंढरपूरच्या वाळवंटातला गजर कोणी मोबाईलवर टिपलेला आहे, तो खाली लाव म्हणतात, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटेल कीर्तन तिथेच झाले. मला हे सगळे येते. अर्ध्या दिवसाचे काम आहे. सामानाचे हप्ते डोक्यावर आहेत. पण हात चालत नाही. यात पाप आहे का हो?”

ज्याचा हात कधी अडत नाही अशा मनुष्याचा हात अडला, तेव्हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला तेथल्या तेथे हो किंवा नाही म्हणणे सोपे होते. पण नुसत्या हो-नाहीने त्याचे त्या दिवसाचे काम भागले असते. उद्या निराळी मागणी आली म्हणजे तो पुन्हा अडला असता. म्हणून तत्त्व पाहिले पाहिजे.

यात पूर्वपक्ष दोन आहेत आणि ते परस्परविरुद्ध आहेत.

पहिला म्हणतो, हे मुद्रणच नको. कीर्तन ही समोरासमोरची गोष्ट. वक्ता, श्रोता आणि देव यांचा तेथे संगम व्हावा लागतो. यंत्रातून येतो तो आवाजाचा सांगाडा. तो ऐकून लोक घरी बसतील, मंडप ओस पडेल. म्हणून मृदंग्याने मृदंग वाजवावा, या फंदात पडू नये.

दुसरा म्हणतो, सगळे चालेल. नाम तेच आहे ना? अभंग संतांचाच आहे ना? मग टाळ दोघांनी वाजवले की चाळीसांनी, काय बिघडले? देवापुढे नैवेद्य ठेवतो तो आपण निवडून, शिजवून, सजवून ठेवतो. तसा सूरही नीट करून ठेवावा. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले म्हणजे काम झाले. शिवाय सगळे जग असेच करते.

पहिल्या पक्षाचे निरसन आधी करू, कारण ते लवकर होते. ध्वनी धरून ठेवणे म्हणजे लिहून ठेवण्याचाच एक प्रकार आहे, आणि लिहून ठेवणाऱ्यांचे आपल्यावर किती ऋण आहे! ज्ञानदेवांनी नेवाशास भावार्थदीपिका सांगितली ती शके १२१२ मध्ये. ती लिहून घ्यायला सच्चिदानंदबाबा बसले म्हणून आज आपण पारायणाला बसतो. आणि तुकोबारायांचे पाहा. त्यांच्या मागे उभे राहणारे चौदा टाळकरी परंपरेने सांगितले आहेत. त्यांत चाकणचे संताजी जगनाडे, धंद्याने तेली. रात्री कीर्तनात टाळ धरावा आणि तुकोबांच्या मुखातून निघालेला अभंग वहीत उतरवून ठेवावा, हे त्यांचे काम. सुदुंबऱ्यास त्यांची समाधी आहे. पुढे वि. ल. भावे यांनी संताजींच्या वहीवरून गाथा छापली आणि तिला नाव दिले ‘अस्सल गाथा’. तेव्हा ताल धरणाऱ्याने लेखनिक व्हावे हे आपल्याकडे आजचे नाही. साथ करणारा जितका लक्ष देऊन ऐकतो तितके दुसरे कोण ऐकतो? तुकोबा कोठे थांबले, कोणते अक्षर लांबवले, कोणता चरण पुन्हा घेतला, हे टाळकऱ्याला हातात कळते. म्हणूनच त्याची वही विश्वासाची.

परदेशातही अशी उदाहरणे आहेत. अमेरिकेत मिकी हार्ट नावाचा ढोलवादक आहे. १९६७ साली तो सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदात आला. पुढे कॅलिफोर्नियात नोव्हॅटो येथे आपल्या राहत्या शेतावरच्या कोठारातच त्याने ध्वनिमुद्रणाची जागा केली. आपले तबलावादक उस्ताद अल्लारखा यांच्याविषयी त्याच्या मनात गुरुभाव, आणि त्यांचे चिरंजीव, मुंबईस जन्मलेले झाकिर हुसेन, हे त्याचे सोबती. त्या दोघांनी आणि इतर तालवाद्यकारांनी मिळून केलेली ‘दिगा’ ही तबकडी १९७६ साली निघाली. नुसते तालवाद्यांचेच मुद्रण असलेल्या ‘प्लॅनेट ड्रम’ला, त्यातही झाकिर हुसेन होतेच, पुढे ग्रॅमीचा मान मिळाला. झाकिरजी २०२४ च्या डिसेंबरात गेले. त्यांच्या हातची ती बोटे आज ऐकायची तर मुद्रणातूनच ऐकावी लागतात. याच हार्टने तिबेटी ग्युतो मठाच्या भिक्षूंचे मंत्रपठण मुद्रित करून जगापुढे आणले आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पडून असलेली निरनिराळ्या लोकांची जुनी ध्वनिमुद्रणे नव्याने प्रसिद्ध करण्याच्या कामी लक्ष घातले. म्हणजे काय? तालवादकाला कान असतो. आणि कान असलेल्याने नाहीसे होणारे नाद जपून ठेवावे, हे योग्यच आहे.

आणि आपल्यालाही याची प्रचीती आली आहे. २०२० व २०२१ या दोन वर्षी साथीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एस.टी.च्या गाड्यांतून पंढरीस गेल्या. त्या दोन आषाढांत किती घरांतून म्हातारी माणसे मुद्रित हरिपाठावर टाळ वाजवीत बसली होती, ते ज्याचे त्याला ठाऊक. अंथरुणाला खिळलेला, रात्रपाळी करणारा, परमुलखात गेलेला, अशांना हे मुद्रण म्हणजे आधार आहे. तेव्हा मुद्रणच नको हा पक्ष टिकत नाही.

आता दुसरा पक्ष. हा अवघड आहे, कारण तो भक्तीची भाषा बोलतो.

याला उत्तर देण्याआधी एक गोष्ट ठरवली पाहिजे. मुद्रित ध्वनी ऐकतो तेव्हा आपल्याला जे ज्ञान होते ते कोणत्या प्रमाणाने होते? नैयायिकांनी प्रमाणे चार सांगितली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. ऐकणारा म्हणेल, “यात काय विचारायचे? मी कानाने ऐकले, म्हणजे प्रत्यक्ष.” पण नीट पाहा. कानाशी प्रत्यक्ष संबंध आला तो पेटाऱ्यातून निघालेल्या नादाचा. ‘अमक्या बुवांनी हा अभंग असा गायला, चाळीस टाळकरी मागे उभे होते, ठिकाण पंढरपूर’ हे ज्ञान मात्र प्रत्यक्ष नव्हे. ते कोणीतरी आपल्याला सांगितले आहे. कोणी? मुद्रकाने. तो तोंडाने बोलला नाही, नादाने बोलला, एवढाच फरक. म्हणजे मुद्रण ही साक्ष आहे. शास्त्राच्या भाषेत शब्दप्रमाणाच्या जातीची आहे.

आणि शब्द प्रमाण केव्हा होतो? बोलणारा आप्त असेल तेव्हा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला वस्तू जशी आहे तशी ठाऊक आहे आणि जो ती जशी पाहिली तशीच सांगू इच्छितो, तो आप्त. मुद्रकाला वस्तू ठाऊक असतेच. खोलीत किती माणसे होती ते त्याच्याइतके कोणाला माहीत? प्रश्न राहतो तो दुसऱ्या अंगाचा. तशीच सांगण्याची त्याची इच्छा आहे का? ती असेल तर त्याचे मुद्रण प्रमाण; नसेल तर ते कितीही गोड असो, अप्रमाण.

येथे धोका दुप्पट आहे. मनुष्य तोंडाने सांगतो तेव्हा ऐकणारा सावध असतो, म्हणतो, “हा सांगतो आहे, खरे-खोटे पाहू.” पण मुद्रण ऐकताना त्याला वाटते, मी स्वतःच ऐकले. साक्ष असून ती प्रत्यक्षाचा वेष घेऊन येते. श्रोत्याने दाराला कडी लावलेलीच नसते. म्हणून ज्याच्या हातात हे साधन आहे त्याच्यावर बोलणाऱ्यापेक्षाही अधिक जबाबदारी आहे.

“मग काय,” कोणी विचारील, “पंख्याची घरघर तशीच ठेवावी? खोकला ठेवावा? अडखळलेला चरण ठेवावा?” नाही. सत्य सांगणे म्हणजे केरासकट सांगणे नव्हे. याचा निवाडा आपल्या संप्रदायात एकदा होऊन गेला आहे. ज्ञानेश्वरी लिहिली गेल्यावर जवळजवळ तीनशे वर्षांत तिच्या प्रतींत अपपाठ शिरले. लेखकांचे हात चुकले, कोणी आपल्या पदरच्या ओव्या घातल्या. तेव्हा नाथमहाराजांनी अनेक प्रती मिळवून, ताडून पाहून, शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि शुद्ध करून झाल्यावर, पुढे कोणी या ग्रंथात आपली ओवी घालू नये, असे स्पष्ट बजावून ठेवले. नाथांएवढा समर्थ कवी! भागवताच्या एका स्कंधावर ज्यांनी एवढा मोठा ग्रंथ केला, त्यांना चार ओव्या सुधारून अधिक गोड करणे काय अवघड होते? पण त्यांनी काढले ते परके काढले, निवडले ते मूळचे निवडले, आणि आपले म्हणून काही घातले नाही. याला म्हणतात शोधन. घालणे याला म्हणतात प्रक्षेप. शोधन ही सेवा आहे, प्रक्षेप हा अपराध आहे.

ही एकच कसोटी मुद्रकाने खिशात ठेवावी. पंख्याची घरघर काढली, हे शोधन. ती अभंगाची नव्हतीच. बुवांनी तोच चरण तीनदा गायला आणि त्यांतला उत्तम घेतला, हे पाठ निवडणे. तिन्ही पाठ त्यांचेच आहेत. एखादा शब्द अडखळला म्हणून तेवढाच पुन्हा म्हणवून घेतला, तेही चालेल. शेवटी म्हटला त्यांनीच. पण जे कोणी गायलेच नाही, वाजवलेच नाही, जेथे घडलेच नाही, ते घडल्यासारखे दाखवणे हा प्रक्षेप.

आता त्या तीन मागण्या कसोटीवर घासून पाहू.

पहिली, सूर सरळ करण्याची. वरवर पाहता ही नैवेद्यातले खडे निवडण्यासारखी वाटते. पण तांदळातला खडा परका असतो. गळ्यातला कमी पडलेला सूर त्या गळ्याचाच असतो. त्याला बाहेर काढून तेथे गणिताने केलेला सूर ठेवला, तर ती ओवी आपल्या पदरची झाली. शिवाय यात एका तिसऱ्याच माणसाचे नुकसान आहे. आळंदीस १९१७ साली जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था काढली. तेव्हापासून किती पिढ्या पोरे तेथे आणि अशाच इतर ठिकाणी चाली शिकत आली. असा एखादा बारा-चौदा वर्षांचा मुलगा मोबाईलवर ते मुद्रण ऐकतो. त्यात एकही सूर हलत नाही. मग तो आपला गळा ऐकतो. त्याला वाटते, माझ्याच्याने हे होणार नाही. अहो, ते कोणाच्याच्याने झालेले नव्हते! पण त्याला कोण सांगणार? माणसाला न साधलेल्या गोष्टीचा नमुना माणसापुढे ठेवून त्याला हताश करणे, ही भक्तीची सेवा कशी म्हणावी? आणि म्हाताऱ्या विणेकऱ्याच्या आवाजातला कंप सरळ केला, तर त्याच्या वाऱ्या पुसल्यासारखे होते. कारण त्या वाऱ्यांच्या खुणा त्या कंपातच होत्या.

दुसरी, दोन टाळकऱ्यांचे चाळीस करण्याची. येथे पूर्वपक्षी म्हणतो, नामाला काय होते? खरे आहे, नामाला काही होत नाही. पण टाळांचा मेळ हा नुसता नाद नव्हे. चाळीस टाळांचा आवाज म्हणजे चाळीस माणसे घरून निघाली, शेजारी शेजारी उभी राहिली, एका पावलाने हलली, याची ती खूण आहे. दिंडी म्हणजे तरी दुसरे काय? एकट्याने चाळीसदा वाजवले म्हणून एकट्याची दिंडी होत नाही. आणि गंमत पाहा. एकच टाळ चाळीसदा उतरवला तर तो चाळीसांचा वाटतच नाही. एकाच मोठ्या टाळेचा कर्कश ठोका ऐकू येतो. कारण खऱ्या मेळात कोणाचा हात सेकंदाच्या शंभराव्या भागाने पुढे, कोणाचा मागे. कोणाची कास्य धातू जड, कोणाची हलकी. म्हणून मुद्रकाला प्रत्येक नक्कल थोडी थोडी सरकवावी लागते. म्हणजे माणसांच्या चुकाही खोट्या बनवाव्या लागतात! जेथे चूकसुद्धा बनावट करावी लागते, तेथे काय चालले आहे हे करणाऱ्याच्या हाताला कळते. त्या मृदंग्याचा हात अडला तो येथेच.

यावर एक चांगली शंका येते. अमेरिकेत लेस पॉल नावाचा एक गिटारवादक होता. आपल्या घरच्या गॅरेजात बसून, एकावर एक थर चढवीत, आठ गिटारींचे काम त्याने एकट्याने केले आणि १९४८ साली ‘लव्हर’ ही तबकडी काढली. घरच्या स्टुडिओचे मूळ पुरुष म्हणून त्याचे नाव घेतात. मग त्यानेही लबाडी केली काय? नाही. कारण एकाच माणसाने हे केले, यातच त्या तबकडीचे कौतुक होते. तिने आठ माणसांची साक्ष दिलीच नाही. म्हणजे थर चढवणे हे आपल्या जागी दोषाचे नाही; दोष आहे तो न झालेल्या मेळ्याची साक्ष देण्यात. कोणा मृदंग्याने एकट्याने चार वाद्ये वाजवून अभंगाचे मुद्रण केले आणि तसे सांगितले, तर ते निर्दोष आहे. तेच ‘अमुक दिंडीचे भजन’ म्हणून पुढे केले की सदोष झाले. नाद तोच, पण वाक्य निराळे झाले. आणि प्रामाण्य वाक्याचे पाहायचे असते.

तिसरी, वाळवंटातला गजर खाली लावण्याची. याला फार विचार नको. खोलीत गायलेला अभंग पंढरपुरात झाला असे भासवणे म्हणजे न केलेली वारी केली म्हणून सांगणे. वारकऱ्यापुढे याहून अधिक बोलण्याची गरज नाही. त्या गजरात ज्यांचे आवाज आहेत ते कोणासाठी ओरडत होते? पांडुरंगासाठी. तो आवाज उचलून एका बुवांच्या महिम्याला लावणे, हे त्या अनोळखी भाविकांच्याही विश्वासाला धरून नाही.

आता पोटाचा प्रश्न. तो टाळून धर्म सांगणे हे धर्म सांगणाऱ्याला शोभत नाही. कीर्तनाच्या मोबदल्याविषयी तुकोबारायांचे म्हणणे किती कडक आहे ते सर्वांना ठाऊक आहे. पण मुद्रकाची मजुरी ही कीर्तनाची विक्री नव्हे. तो यंत्र आणतो, वेळ देतो, कान झिजवतो. मृदंगाला पूड चढवणाऱ्याला आपण पैसे देतो तसेच याला द्यावे, त्यात बोल लावण्यासारखे काही नाही. मात्र मजुरी श्रमाची घ्यावी, साक्षीची घेऊ नये. पैसे घेऊन साक्ष फिरवणाऱ्याला न्यायालयात काय म्हणतात ते ठाऊक आहे. हप्ते असतातच, संताजींच्या घरीही घाणा होता, तेल विकल्याशिवाय चूल पेटत नसेल. पण तेलाचे माप आणि वहीतले अक्षर, दोन्ही त्यांनी पुरे ठेवले. एक बुवा नाराज होऊन दुसरीकडे जाईल, हे नुकसान खरे आहे, ते मी नाकारीत नाही. पण ज्याच्या मुद्रणात खोट नसते असे चार गावांत झाले, की खरे गाणारे त्याच्याच दारी येतात, असा माझा विश्वास आहे. आणि न आले तरी धर्माचा निर्णय गिऱ्हाइकांच्या संख्येवर फिरत नाही.

तेव्हा निर्णय असा. मृदंग्याने मुद्रक व्हावे. त्याला तो अधिकार आहे, कारण तो ऐकणारा आहे. पण साथीचा धर्म त्याने खोलीतही सोडू नये. कीर्तनात कीर्तनकाराचा शब्द नाजूक होतो तेव्हा चांगला मृदंगी डाव्या पुडीचा हात आवरतो; अक्षर झाकू देत नाही. मुद्रण सिद्ध करतानाही तेच करावे. आजकाल कित्येक मुद्रणांत मृदंगाची धूम एवढी चढवलेली असते की चरण कळतच नाही. संतांचे अक्षर वर, बाकी सगळे त्याच्या खाली. दुसरे, जे घडले ते मूळ मुद्रण, काही न कापता, निराळे जपून ठेवावे. शुद्ध केलेल्या प्रतीला मूळ पोथीचा आधार असतो तसा. तिसरे, मुद्रणासोबत स्थळ आणि तिथी लिहावी आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्या सर्वांची नावे लिहावीत. तुकोबांचे टाळकरी चौदा होते हे आपण आजही सांगतो. आजच्या मुद्रणात टाळ कोणी धरला याचा पत्ता नसतो. दोघे असतील तर दोघेच लिहावेत. चौथे, यंत्राने काही घातले असेल तर ते उघड सांगावे. आणि जे सांगायची लाज वाटते ते घालूच नये.

श्रोत्यांनाही एक विनंती आहे. निर्दोष ऐकण्याची चटक आपणच लावून घेतली, म्हणून असे माल मागवले जातात. गावातल्या मंडळाचा हरिपाठ ऐकताना, एक टाळ मागे पडला, एक आवाज चिरकला, की आपण तोंड वाकडे करतो. ज्याने दिवसभर रानात काम केले आणि रात्री टाळ घेतला, त्याचा हात जरा मागे पडणारच. पांडुरंगाने आजवर कोणाला ठेक्यावरून परत पाठवल्याचे ऐकिवात नाही. आपण तेवढे सोसायला शिकलो, तर मुद्रकांनाही खोटे करण्याचे कारण उरणार नाही.

इत्यलम्. रामकृष्णहरि.